सोमवारचा भात

भांडुप,
बुधवार, २७ एप्रिल १९८८

प्रिय दशरथ,

भांडुपहून मुलुंडला पत्र टाकणारा माणूस तू आजवर पाहिला नसशील. परवा सोमवारी तुझ्या घरी जेवून आलो आणि आज हे पाकीट. चालत निघालो तरी तासा-दीड तासात तुझ्या दारात पोचेन. पण दारात पोचलो की वहिनी पाण्याचा तांब्या पुढे करतात, तू गावच्या देवळाच्या कौलांचा विषय काढतोस, आणि जे बोलायला आलो ते तसंच राहतं. परवाही तसंच झालं. कागदावर निदान मध्येच कोणी चहा आणत नाही, म्हणून कागद घेतला.

वहिनींनी परवा माझ्यासाठी वेगळं रांधलं. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. लवूभावजींचा सोमवार त्या कधी विसरत नाहीत. मी पान स्वच्छ केलं, पण एकेक घास गिळताना मला काय होत होतं ते त्यांना सांगू नकोस, की सांग, आता काही लपवायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे. कोकमाचं सरबत न घेताच मी उठलो. तुझी दुसरी पाळी, तुलाही निघायचं होतं, त्यामुळे ते खपून गेलं. तरी जिन्यात तू विचारलंस, रे लवू, तुझं काय बिनसलंय का? बिनसलं होतं. तुमच्यावर नव्हे.

आधी एक खोटं परत घेतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या उत्तराला टायफॉइड झाला होता असं मी तुला सांगितलं. तू मोसंबी घेऊन आलास, वहिनींनी रामेश्वराचा अंगारा आणून तिच्या कपाळाला लावला. दशरथ, तिला टायफॉइड झालाच नव्हता. ताप तर एक दिवसही नव्हता. ते नाव मी शेजाऱ्यांसाठी शोधून काढलं आणि मग तुलाही तेच सांगितलं. आपण एका पाटीवर अक्षरं गिरवली, एका गिरणीत वीस वर्षं काढली, आणि मी तुझ्या हातातली मोसंबी घेऊन तुझ्या डोळ्यांदेखत खोटं बोललो. रत्नप्रभा तेव्हाच म्हणत होती की रुक्मिणीवहिनींना तरी खरं सांगूया. मी तिला गप्प केलं. मुलीची जात आहे, उद्या लग्नाच्या बोलण्यात कोणी काढलं तर, असं म्हणालो. खरं कारण ते नव्हतं. खरं सांगायचं तर माझंच नाव सांगावं लागलं असतं.

मी काट्यावर बसतो हे तुला ठाऊक आहे. संपात गिरणी गेली, तू औषधाच्या कंपनीत लागलास, मला इथल्या लोखंडाच्या कारखान्यात वजनकाटा मिळाला. गाडी आली की आधी भरलेली तोलायची, माल उतरला की रिकामी, आणि आकडा मोठ्याने वाचायचा, म्हणजे ड्रायव्हर, दरवान आणि कारकून तिघांच्या कानावर एकच आकडा पडतो. मोठ्याने वाचायची सवय मला वेगळी लावावी लागली नाही. आपल्या गुरुजींनी पावकी-निमकी अशी म्हणून घेतली होती की पलीकडच्या वाडीत ऐकू जावी, हळू म्हटलं तर छडी. पाच-सहा वर्षांत माझी नजरही तयार झाली. गाडी फाटकातून आत येतानाच माल किती कमी भरलाय ते मी सांगतो. साहेबसुद्धा माझ्या नजरेचं कौतुक करतात. त्याच नजरेच्या माणसाच्या घरात एक मूल दिवसेंदिवस कमी होत होतं.

शहाऐंशी सालचा दसरा आठव. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते, घरच्या माणसांना बोलावतात. तुम्ही तिघंही आला होतात. काट्याला मी स्वतः झेंडूचा हार घातला होता, हळदकुंकू वाहिलं होतं. आरती झाल्यावर पोरं छोट्या काट्यावर चढायला लागली आणि मी आकडे वाचायला लागलो. तुझी लता चढली तेव्हा तू म्हणालास, हिच्या खिशात दगड घाला रे, नायतर वारो घेवन जायत. लता स्वतःच खिदळली. मग उत्तराची पाळी. ती तयार नव्हती, आईच्या मागे लपत होती. मीच हाताला धरून तिला वर चढवलं. पंधरावं सरायला आलेली पोर, अंगावर नवा ड्रेस, आणि समोर कारखान्यातली दोनशे माणसं. मी काटा स्थिर होऊ दिला आणि रोजच्या आवाजात वाचलं, सत्तावन्न, भरलेली गाडी, सोडा पुढे! दरवानाने फाटक खोटंखोटं उघडून दाखवलं. केवढा हशा झाला. तू हसलास, तुला मी दोष देत नाही, सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो. पोर खाली उतरली आणि प्रसादाचा पेढा हातात धरून भिंतीशी उभी राहिली. तो पेढा तिने खाल्ला की नाही हे मी पाहिलं नाही. आता पुष्कळ वेळा आठवून बघतो.

पुढच्याच सोमवारी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली की बाबा, मीही सोमवार धरू का? मला काय वाटलं ते तुला वेगळं सांगायला नको. आईच्या दुखण्यात बोललेला हा उपास, बावीस वर्षं मी एकटाच करत होतो. रत्नप्रभाला पित्ताचा त्रास, धाकट्या नंदूला भूक आवरत नाही. आता घरात कोणीतरी माझ्याबरोबर देवापुढे बसणार म्हणून माझा ऊर भरून आला. सोमवारनंतर तिने गुरुवार धरला, मग चतुर्थी, मग दोन्ही एकादशी, मग शनिवार. माझं वरीच्या तांदळांवर भागायचं, ती म्हणायची मला नुसतं ताक पुरे. पुढे ताकही नको झालं. मी पोथीचा अध्याय वाचायचो आणि ती समोर अंग आवळून बसायची. मला वाटायचं, ही मागच्या जन्मीची पुण्याई.

आमच्या घरची रीत तुझ्याही घरी आहे. पुरुष आणि लहान मुलं आधी जेवणार, बायका मागून. उत्तरा मोठी झाली तशी ती वाढायला लागली. वाढणाऱ्याच्या ताटाकडे कोण बघतो? मला सांगायची की मी आईबरोबर बसते. आईला सांगायची की बाबांबरोबर फराळ झाला. दोघांच्या मध्ये तिचं जेवण हरवलं आणि आठ महिने आम्हाला पत्ता नाही. उलट स्वयंपाकाची तिला भारी हौस वाटायला लागली होती. नंदूला आग्रह करकरून वाढायची, त्याच्यासाठी मुद्दाम घावन घालायची, आणि तो खाताना टक लावून बघत बसायची.

रत्नप्रभाच्या लक्षात आलं होतं. फणीत केसांचे पुंजके येतात म्हणाली. पोर भर मे महिन्यात चादर घेऊन बसते म्हणाली. मी म्हटलं, अभ्यासाने होतं, दहावीचं वर्ष आहे. मग एकदा दुपारी तिने दार लोटून घेतलं आणि मान खाली घालून सांगितलं की चार महिने झाले, उत्तरा बाजूला बसलेली नाही. दशरथ, हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मी तिला म्हणालो, बरंच आहे की, देवाच्या कामात खंड पडत नाही. असंच म्हणालो. बायकोने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी तेव्हा पाहून न पाहिल्यासारखं केलं. बायकांच्या गोष्टीत पुरुषांनी पडू नये असं आपल्याला शिकवलं, आणि त्या शिकवणीमागे लपणं मला सोयीचं होतं.

त्याच मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे सत्यनारायणाला आला होतात. उत्तराने एकवीस माणसांचा शिरा परतला आणि स्वतः तोंडात टाकला नाही, आज शनिवार म्हणाली. मी सगळ्यांसमोर तिच्या निग्रहाचं कौतुक केलं. तू चेष्टा केलीस, लवल्या, तू भट होवचो, चुकान गिरणीत इलंस, आता पोरीक तरी सोड. सगळे हसले. मी हसलो नाही. तुझी लता माझ्या शेजारीच शिऱ्याची वाटी घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी जे बोललो ते तुला आठवतं का मला माहीत नाही. मला आठवतं. मी म्हणालो, बघ गं, ताईकडून काहीतरी शीक.

जुलैत शाळेत कवायतीच्या तासाला उत्तरा पडली. बाईंनी रिक्षात घालून तिला थेट म्युनिसिपालटीच्या इस्पितळात नेलं आणि कारखान्यात माणूस पाठवला. मी पोचलो तेव्हा तिला वजनाच्या यंत्रावर उभी करत होते, दोन्ही बाजूंनी नर्सनी धरलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या आधी मी आकडा वाचला. तेवढा एकच आकडा आयुष्यात मी मनात वाचला. पस्तीस.

अठरा दिवस ती तिथे होती. नाडी इतकी मंद की डॉक्टरीणबाई दर तासाला मोजायच्या. त्यांनी आधी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं, मग आम्हा दोघांना बोलावलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मला गुरुजींपुढे उभं असल्यासारखं वाटत होतं. मी सांगायला लागलो की साहेब, पोर फार देवाची आहे, उपासाने अशक्तपणा आला असेल. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाल्या, "हिला देवाची ओढ लागलेली नाही. हिला अन्नाची भीती बसली आहे. उपास म्हटलं की घरात कोणी विचारत नाही, म्हणून तिने उपास धरले." मग विचारलं की वजनावरून, अंगावरून कोणी काही बोललं होतं का, या वयात एखादं वाक्य जिवाला लागतं. मी म्हणालो, नाही. तेव्हा मला ते खरंच वाटलं, दशरथ. मला आठवलंच नाही. चेष्टा करणाऱ्याच्या लक्षात ती राहत नाही.

दहाव्या की अकराव्या दिवशी मी तिला पेज भरवत होतो. चार चमचे झाले, पाचव्याला तिने हाताने थांबवलं. रागावलेली नव्हती. खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही आकडा जरा हळू वाचला असता तर?"

कुठल्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही.

वाटी ठेवून मी व्हरांड्यात गेलो, हात जोडून उभा राहिलो, पण मागायचं काय तेच सुचेना. देवावर भार टाकायची मला जन्माची सवय. तो भार माझ्याकडेच परत आला होता. शेवटी आत जाऊन मी तिला एवढंच म्हणालो की माझं चुकलं. बापाने मुलीला असं म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पाचवा चमचा तिने घेतला.

घरी आणताना बाईंनी बरंच बजावलं. तिच्या ताटावर पहारा ठेवू नका. घास मोजू नका. खाल्लं म्हणून शाबासकी नको, नाही खाल्लं म्हणून रडारड नको. अंगाबद्दल चांगलंही बोलू नका, वाईटही बोलू नका. सगळ्यांनी एका वेळी, एकत्र, एकच अन्न खा. दर पंधरा दिवसांनी इथे आणा, वजन आम्ही बघू. ते वजन ती काट्याकडे पाठ करून देते. बाई वहीत लिहितात, आम्हाला सांगत नाहीत. दिवसभरात शंभर आकडे वाचणारा मी, आज माझ्या मुलीचं वजन किती ते मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही.

आता आम्ही चौघं गोल बसून जेवतो. पहिल्या दिवशी रत्नप्रभाला माझ्याबरोबर बसायची इतकी लाज वाटली की ती अर्धी भिंतीकडे वळून जेवली. नंदूने आईची फिरकी घेतली तेव्हा उत्तरा कितीतरी महिन्यांनी हसली. आणि मग सोमवार आला. उत्तराचे उपास बाईंनी बंद करायला सांगितले होते, पण माझे चालू ठेवून तिला भात खा म्हणायचं माझ्या जिभेवर येईना. बावीस वर्षांचा नेम. सकाळी टेकडीवरच्या शंकराच्या देवळात गेलो, नारळ ठेवला आणि सांगितलं की उद्यापन जमलं नाही, माफी कर. घरी येऊन तिच्यासमोर भात कालवला. शितं ताटाबाहेर सांडली. ती माझ्या हाताकडे बघत होती. मग तिने स्वतःच्या ताटातला भात कालवायला घेतला. तेव्हापासून एकही सोमवार मी धरलेला नाही. देव रागावला असेल असं मला वाटत नाही. सकाळी दिवा लावतो, अध्याय वाचतो, उत्तराला मन झालं तर ती बसते, नाही तर नाही. मधे दोन वेळा ती पुन्हा घसरली, ताट सरकवलं, रडली, आम्हीही रडलो. बाई म्हणाल्या, हे असंच पुढे-मागे चालायचं, धीर सोडू नका. उत्तराचं वर्ष वाया गेलं, जाऊ दे. यंदा पुन्हा दहावीचे वर्ग सुरू करेल.

आता परवाचं लिहितो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. आपण दोघं जेवत होतो आणि लता वाढत होती. मला वरीचे तांदूळ, तुला भात. एप्रिलच्या उकाड्यात तिच्या अंगात लांब हातांचा स्वेटर होता. आमटी वाढायला वाकली तेव्हा तिची बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत सरकली. माझी नजर आपोआप अंदाज सांगायला लागली, मी तिला गप्प केलं. वहिनी कौतुकाने म्हणाल्या की हिनेही सोमवार, गुरुवार, शनिवार धरलाय, तुमच्या उत्तराचाच वसा. लता माझ्या पाया पडली आणि तिने विचारलं, काका, उत्तराताई अजून उपास करते ना? त्या एका क्षणात सगळं सांगता आलं असतं. आणि मी, तुझ्या घरचं वरीचं अन्न पानात घेऊन बसलेला मी, हो म्हणालो. घरी आल्यावर रात्री जेवताना ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली. उत्तरा थांबली. मला वाटलं, आता ताट सरकवणार. तिने विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?" मी खरं सांगितलं. ती थोडा वेळ भात चिवडत बसली, मग म्हणाली, "दशरथकाकांना लिहा. माझं नाव घालून लिहा. टायफॉइड लिहू नका." म्हणून लिहितोय, दशरथ. कदाचित माझी नजर चुकली असेल, तुझी पोर धडधाकट असेल आणि खरंच मनापासून देवाचं करत असेल, तर मला वेडा म्हण आणि पत्र फाडून टाक. पण त्याआधी वहिनींना शेजारी बसवून विचार की लता किती महिन्यांत बाजूला बसलेली नाही, आणि त्या सांगतील ते ऐक, माझ्यासारखं करू नकोस. पोरीवर ओरडू नकोस, उपास मोडायला जबरदस्ती करू नकोस, तिला काट्यावर चढवू नकोस. तिच्याबरोबर जेवायला बस, आणि तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चल, मी रजा टाकून बरोबर येईन. येत्या सोमवारी मी उत्तराला घेऊन तुझ्याकडे येतो आहे. वहिनींना सांग, माझ्यासाठी वेगळं काही रांधू नका, भातच लावा. लताशी मी परवा खोटं बोललो आहे, ते मला तिच्यासमोर बसून, जेवत, परत घ्यायचं आहे.

तुझाच, शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचा,
लवू